सज्ज्यावरचा बाक

अंतकाळी ज्याचे नाव ओठी यावे, त्या नारायणाला वंदन करून, माझे मित्र दिगंबरराव यांच्या अंत्यदर्शनाच्या दिवशी जे घडले ते लिहितो.

“तुमचं आडनाव काय म्हणालात?”

शवपेटीशी गीतेची पोथी उघडून मी उभा होतो. विचारणारे दिगंबररावांचे धाकटे बंधू, टेक्सासमधल्या प्लेनोहून आलेले. मी आडनाव सांगितले. मग गाव विचारले. तेही सांगितले. ते हळू आवाजात म्हणाले, “पाठ उत्तमच असेल हो तुमचा. पण घरचं कार्य आहे. तुम्ही वर सज्ज्यावर बसा. ऐकू येतं तिथून.”

नागपुरात चाळीस वर्षे मी संस्कृत शिकवले. अमेरिकेत पिस्कॅटवेला मुलीकडे आल्यापासून रोज सकाळी दिगंबररावांच्या स्वयंपाकघरात चहा घेत आम्ही दोघे गीता वाचत असू. माझ्या जातीची चौकशी त्यांनी कधी केली नाही. रुग्णालयात माझा हात धरून म्हणाले होते, “माझ्या पेटीपाशी पंधरावा अध्याय तुम्हीच म्हणा. चहा मात्र मिळणार नाही.” मी शब्द दिला होता.

त्यांची मुलगी नेहा माझ्याकडे न पाहता म्हणाली, “काका, प्लीज. फक्त आज.”

मी चढलो. कोणी ढकलले नाही. माझ्याच पायांनी चढलो.

अंत्यदर्शन होते ते प्रार्थनाघर एका धनाढ्य घराण्याने आपल्या इस्टेटीवर केवळ घरच्या अंत्यविधींसाठी बांधलेले. आता भाड्याने देतात. मागे लाकडी सज्जा, त्यावर एक अरुंद बाक. खाली कोणीतरी फोनवर पंधरावा अध्याय लावला. माझी पोथी मांडीवर, मिटलेली.

वास्तूची देखरेख करणाऱ्या वृद्ध कृष्णवर्णीय बाई जिना चढून आल्या. इंग्रजीत म्हणाल्या, “माझी पणजी या घराण्यात राबायची. काळ्यांना खाली जागा नव्हती, म्हणून ती इथे बसायची. मालकांचे अंत्यविधी तिनं इथूनच पाहिले. मी इथे कोणाला बसू देत नाही. खाली चला.”

मी उतरलो. तोवर पेटी घेऊन गाडी निघून गेली होती. रिकामे दालन. फरशीवर पाकळ्या. पेटीपाशी म्हणायचे ते आता कधीच म्हणता येणार नाही. जन्मभर ज्याला मी विनय म्हटले, ती भीती होती.

त्याच संध्याकाळी नेहाला फोन केला. “तेराव्याला येईन. बाबांच्या फोटोसमोर बसेन. पंधरावा म्हणेन. तुझ्या काकांना आजच सांग.”

मी जाणार. उठवले तर उठणार नाही.

वाचकहो, तुमच्या घरी अन्न आणि आयुष्य उदंड असो. आणि तुमच्या दारी दुःखात आलेल्या कोणालाही वर बसावे न लागो.