अमानतीची अंडी

सदरसाहेबांची गाडी कामथडीच्या फाट्यावर वळली आणि इकडे माझ्या वर्गात आणखी एक अंडं फुटलं. वास असा, की राजगडावरचे ट्रेकर नाक धरून पालीला उतरले असतील. मी खिडक्या उघडल्या, अत्तराची अख्खी बाटली चटईवर ओतली. वास दुप्पट झाला.

मी मकतबात शिकवतो. मकतब म्हणजे शाळा सुटल्यावर मशिदीत भरणारा धर्मशिक्षणाचा वर्ग. सदर म्हणजे जमातीचे अध्यक्ष. माझी नोकरी त्यांच्या हातात. मागच्या खेपेला ते बजावून गेले होते, "मौलाना, पोरं दुआ पोपटासारख्या म्हणत्यात. वागण्यात काय दिसत न्हाई. परीक्षेला दिसलं न्हाई, तर आमी दुसरा माणूस बघू."

म्हणून मी प्रॅक्टिकल काढलं. विषय अमानत. म्हणजे दुसऱ्यानं विश्वासानं सोपवलेली वस्तू सांभाळायची आणि परत करायची. प्रत्येक पोराला एकेक गावरान अंडं दिलं, वर पेनानं माझी सही. परीक्षेच्या दिवशी आणून द्यायचं. परीक्षा तोंडावर होती. मग सदरसाहेबांनी ती पुढं ढकलली. पुन्हा ढकलली. अंड्यांना हे कुणी कळवलं नाही. पोरांनी बिचाऱ्यांनी जीव लावून जपली, कुणी तांदळाच्या डब्यात, कुणी गोधडीत. भर उन्हाळ्यात!

सदरसाहेब आत आले ते नाकाला रुमाल लावूनच.

"मौलाना, हितं काय मेलंय?"

"प्रॅक्टिकल चालू आहे, साहेब."

माझी छाती अशी धडधडत होती, की भोरच्या स्टँडवर लोक एसटी आली म्हणून पिशव्या उचलत असतील. घरी बायकोला काय सांगू? अंड्यांपायी नोकरी गेली?

तेवढ्यात रुबीना दारात आली. हातात दुरडी, डोळ्यांत पाणी.

"उस्ताद, अंडं फुटलं."

"तुझंबी?"

"आजी म्हनली, खुडूक कोंबडीखाली ठिव, तिथं कोन हात लावत न्हाई. आन् आतनं ह्ये निघालं."

दुरडीत पिवळं पिल्लू चिवचिवत होतं. रुबीनानं रुमालाची गाठ सोडली. आत टरफलाचे तुकडे. एकावर माझी सही.

"एकबी तुकडा टाकला न्हाई," ती हुंदके देत म्हणाली.

सदरसाहेबांनी रुमाल खाली घेतला. "रडतीस कशाला? उबवलं तुमच्या कोंबडीनं. पिल्लू तुझंच की."

"न्हाई जी. कोंबडी आमची, पर अंडं उस्तादांचं. पिल्लू अंड्यातनं निघालंय, कोंबडीतनं न्हाई."

सदरसाहेबांनी सहीचा तो तुकडा उचलून उजेडात धरला. मी मनात दुसऱ्या नोकरीचा अर्जसुद्धा लिहून काढला.

"मौलाना," शेवटी ते म्हणाले, "पास."

"मी?"

"पोरगी. तुमचं पुढल्या परीक्षेला बघू. आन् आता अंडी नका वाटू. दगड वाटा."

नोकरी राहिली. दगड वाटले. एकाही पोराला त्या दगडाचा घोर लागला नाही. निम्म्यांनी दुसऱ्याच दिवशी कैऱ्या पाडायला वापरले. तेव्हा अनुभवाचा बोल सांगतो: ज्याला काही होत नाही, ते जपायला कुणी शिकत नाही. या पावसाळ्यात भाताची रोपं वाटणार आहे. सदरसाहेबांना अजून सांगितलेलं नाही.