नागसेननं पारखलेलं कार्ड

...आणि नागसेननं त्या पंख्यावर फुंकर मारली! काल इथवर आलो, तेवढ्यात जेवायची हाक आली. तर ऐका पुढचं.

हा नागसेन आमच्या आष्ट्याचा. हात मोटारींच्या वाइंडिंगवर, तारा गुंडाळण्यावर बसलेला. नव्याण्णव साली सांगलीत लालासाहेबांच्या स्टुडिओत नुकताच लागला होता. तिथं लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग चाले. साताऱ्याच्या विक्रेत्यानं कॉम्प्युटरसाठी दोन ग्राफिक्स कार्डं आणलेली. एक चकचकीत, दुसरं काळं, ओबडधोबड. फुंकरीनं चकचकीत कार्डाचा पंखा डुगडुगला. खालचा, उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा बोटानं दाबला तर सरकला, नुसता चिकटवलेला. काळ्याचा ठोकळा जड, स्क्रूंनी पक्का बसवलेला, आणि पंखा कसा सरळ फिरला!

"ह्ये काळंच घ्या मालक."

"आन् जळलं तर?"

"न्हाई जळायचं."

"जळलं तर तू परत आष्ट्याला. ध्यानात ठेव."

खंडेनवमी आली. मी प्रसादाला हजर, मी कुठला चुकवतोय! पूजा झाली, झेंडूचे हार पडले, मशीन सुरू झालं. अर्ध्या तासात पडद्यावरच्या नवरीच्या तोंडावर हिरव्या रेघाच रेघा. करपट वास. नागसेन पांढराफटक. मशीन बंद करून त्यानं ठोकळ्याला बोट लावलं, ते चटकन मागं घेतलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तात्या, माजी पारख चुकली. घरी काय सांगू?"

बॅटरी धरून वाकला. पंख्यात कुंकवानं माखलेली झेंडूची पाकळी अडकली होती! चिमट्यानं काढली आणि मुठीत गच्च दाबली. का, तर पूजा केलेली लालासाहेबांच्या आईनं, मनुबाईंनी. सांगावं तर मालकाच्या आईवर बोट, न सांगावं तर नोकरी गेली. गड्याच्या कानामागून घाम वाहत होता.

"मुठीत काय हाय रं?" लालासाहेब गरजले.

"काय न्हाई, मालक."

"उघड!"

मूठ उघडली. तेवढ्यात मनुबाईच म्हणाल्या, "आरं, माजीच की ती! मशीनच्या डब्याचं झाकण उघडं दिसलं, म्हटलं त्या चाकालाबी सण हाय. त्या लेकराला का दम देतोस?"

पंखा साफ केला, कार्ड थंड होऊ दिलं. मशीन सुरू होईपर्यंत नागसेननं माझं मनगट असं आवळलं की बोटं उमटली. मग नवरी आली, स्वच्छ, हसरी. ठोकळा जड आणि घट्ट होता म्हणून कार्ड तगलं. लालासाहेबांनी नागसेनला कायम केलं.

मी आष्ट्यात ज्याला त्याला हे सांगत सुटलो. पुढं नागसेन भेटला, कार्डाचं नाव काढताच दचकला, तेव्हा म्हटलं, "आता रं कशाला भितोस? कार्ड घ्यायचं म्हटलं की लोक तुलाच शोधत येतात."

तो म्हणाला, "आवं तात्या, त्येच की! कुणी कार्ड म्होरं धरलं की अजून मी आधी पंख्यात पाकळी शोधतोय. तुमी तेवढं माजं नाव सांगायचं थांबवा."