कमान की संडास?

खडूची भुकटी आणि शाळेतले किस्से, दोन्हींचं सारखंच. रोज झटकून घरी यावं, तरी पदराला थोडं राहतंच! सीमाभागात वडगाव-शहापूर बाजूच्या एका सरकारी मराठी शाळेत मी पंचवीस वर्षं शिकवतेय. आता एवढं साठलंय की मैत्रिणी जमल्या की चहाच्या आधी विचारतात, "बाई, नवीन काय?" शाळेचं नाव मात्र सांगत नाही. किस्से खरे आहेत, आणि माझ्या रिटायरमेंटला अजून चार वर्षं आहेत!

यातले सगळ्यात चांगले किस्से एका इलेक्शनचे. आमदारकीचं नव्हे, नगरसेवकाचंही नव्हे. एसडीएमसीचं! म्हणजे आमची शाळा सुधारणा समिती. मुलांच्या पालकांनी आपल्यातूनच निवडायची. एरवी हे काम दहा मिनिटांत व्हायचं. आमचे हेडमास्तर देसाई सर पालकसभेत विचारायचे, "कोण होतंय अध्यक्ष?" सगळे पालक खाली बघायचे. ज्याची मान सगळ्यात शेवटी खाली जाईल, तो अध्यक्ष!

गेल्या खेपेला मात्र दोन माना वरच राहिल्या.

* * *

पण आधी तात्यांचं सांगते.

जूनमध्ये खात्याच्या ऑफिसातून सुत्तोले आली. सुत्तोले म्हणजे परिपत्रक. शब्द कन्नड, पण आमच्या मराठी शाळेतही सगळे तेच म्हणतात. देसाई सरांनी ती सभेत वाचली आणि मराठीत सांगितलं, "मत फक्त पालकांना. आई आणि वडील. आजी-आजोबांनी गर्दी करू नये."

पहिल्याच बाकावर तात्या बसलेले. सत्तरी ओलांडलेली, जन्मभर मागावर साड्या विणलेल्या. मुलगा आणि सून गोव्यात कामाला, नातू आमच्या चौथीत.

तात्या उठले. "सर, माझ्या नातवाला सकाळी उठवतंय कोण?"

"तुम्ही, तात्या."

"अंघोळ कोण घालतंय?"

"तुम्हीच."

"ताप आला तर डॉक्टरकडं कोण नेतंय?"

"अहो, तुम्हीच!"

"मग पाळतोय मी, आणि पालक त्यो? त्यो तर निस्ता फोनात असतोय!"

सरांनी सुत्तोले पुढून वाचली, मागून बघितली. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं तात्यांचं नाव लिहिलं.

* * *

आता त्या दोन माना.

पहिली शंकर अण्णांची. घरात चार पॉवरलूम, मुलगा आमच्याकडे सातवीत. मागाच्या खटखटाटात आयुष्य गेलेलं, त्यामुळे अण्णा कानात सांगतात तेसुद्धा चौकात ऐकू येतं. सभेत त्यांनी माईक बाजूला सारला आणि जाहीर केलं, "मी अध्यक्ष झालो तर शाळेला कमान बांधणार! सिमेंटची! वर दोन हत्ती!"

"हत्ती कशाला अण्णा?" देसाई सरांनी विचारलं.

"मग काय उंदरं बसवायची?"

टाळ्या पडल्या. सगळ्यांना वाटलं, झालं इलेक्शन.

तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सुवर्णा आक्का म्हणाल्या, "मीबी इलेक्शनला उभारणार."

सुवर्णा आक्का घरी बसून मागवाल्यांच्या सुताच्या कांड्या भरतात, साड्यांना गोंडे करतात. मुलगी सहावीत. इतक्या वर्षांत सभेत त्यांनी तोंड उघडलेलं मी बघितलं नव्हतं.

"पोरींच्या संडासला दार न्हाय," त्या म्हणाल्या. "पाणी न्हाय. माझी पोरगी शाळेत पाणीच पीत न्हाय. इचारलं तर म्हणती, आई, प्यालं की जावं लागतंय. दिवसभर तोंड वाळवून बसती. कमानीखालनं आत येऊन काय करायचं तिनं?"

त्याच दिवशी सकाळी मी सहावीला शिकवलं होतं, मुलांनो, दिवसाला आठ ग्लास पाणी प्या. आक्कांची मुलगी दुसऱ्या बाकावर बसून ते वहीत उतरवून घेत होती. मी टेबलाखाली वाकून नसलेली पिन शोधायला लागले.

* * *

नियमाप्रमाणे अध्यक्ष समितीच्या सदस्यांनी निवडायचा. पण आता गल्ली तापली होती. शेवटी ठरलं की सगळ्या पालकांनी मतदान करायचं, आणि जो जिंकेल त्याला सदस्यांनी मुकाट्यानं अध्यक्ष करायचं.

प्रचार सुरू झाला. अण्णांना फिरायची गरजच नव्हती. ते दारात उभे राहून बोलले की तीन गल्ल्यांचा प्रचार आटपायचा!

आक्कांची मात्र पंचाईत. घरोघर माग चालू. आत गेलं की खटखटाटात शब्द ऐकू येत नाही, आणि माग कुणी बंद करत नाही. "कमान" हे सांगायला सोपं, हातानं अर्धगोल केला की झालं. संडास कसा सांगायचा?

आक्कांनी पहिल्याच घरात करंगळी वर केली.

मागावरची बाई एकदम खुदकन हसली. शाळेत गेलेल्या प्रत्येकाला तो अर्थ कळतो! तिनंही करंगळी वर केली, म्हणजे मत तुम्हाला. मग काय, आठ दिवस सगळ्या गल्लीत बायका एकमेकींना करंगळ्या दाखवत होत्या. भाजीवालीकडे, नळावर, देवळात.

अण्णा तक्रार घेऊन सरांकडे आले. "सर, बायका मला बघून करंगळी दाखवायल्यात!"

सर म्हणाले, "मग जाऊन या की अण्णा, थांबलाय कशाला?"

* * *

त्यातच कुणीतरी अण्णांच्या डोक्यात एक किडा सोडला. समिती तीन वर्षांची. पण मूल शाळेत असेल तरच पालक, आणि पालक असेल तरच अध्यक्ष. अण्णांचा मुलगा सातवीत, आमची शाळा सातवीपर्यंतच. म्हणजे निवडून आले तरी पुढच्या उन्हाळ्यात अध्यक्षपद गेलं!

दुसऱ्या दिवशी अण्णा ऑफिसात हजर. दार लावून घेतलं, आवाज त्यांच्या मते अगदी खाली आणला. मी पलीकडे तिसरीच्या वर्गात पाढे घेत होते, सगळा वर्ग पाढे सोडून ऐकायला लागला.

"सर, माझं पोरगं दोन वर्षं सातवीतच बसवा!"

"अण्णा, नापास करायचं असं आपल्या मनावर नसतं. आणि पोरगा हुशार आहे तुमचा."

"त्योच तर घोळ झालाय! कुणी एवढं शिकवलं त्याला?"

तरी अण्णा हार मानणारे नव्हेत. त्यांची धाकटी मुलगी इंग्लिश मीडियमला पहिलीत होती. आठवड्याच्या आत तिला तिथून काढून त्यांनी आमच्या पहिलीत आणून बसवलं. आता सात वर्षांची सोय झाली! पोरगी टाय सोडून आली आणि पहिल्याच दिवशी चिंचेच्या झाडाखाली एवढी खेळली की घरी जाताना रडायला लागली.

हे बघून आक्कांच्या बाजूचे लोक जागे झाले. मतं वाढवायची तर पालक वाढवायला हवेत! त्यांनी कॉन्व्हेंटमधली आपली तीन मुलं आणली. मग अण्णांच्या भावकीनं दोन आणली. पट कमी होतोय म्हणून आम्ही शिक्षक उन्हाळाभर दारोदार फिरलो होतो, तेव्हा लोक आम्हाला पाणी देऊन परत पाठवत होते!

देसाई सर हजेरीपत्रकावर नवीन नावं चढवत मला म्हणाले, "बाई, हे इलेक्शन दर महिन्याला घेता येईल का बघा."

* * *

मतदानाचा दिवस. सरांनी निशाण्या शाळेतल्याच दिल्या. अण्णांना घंटा, आक्कांना पाटी. वर्गात एक फळा उभा केला आणि त्याच्या मागे शिक्का मारायची जागा. एकदम गुप्त मतदान!

अण्णांचे शेजारी, तेही मागवाले, बायकोला घेऊन आले. ती फळ्यामागे गेली. हे फळ्याच्या अलीकडे उभे. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, तोंडावर हात धरला आणि हळूच सांगितलं, "घंटीवर मार गं! घंटीवर!"

व्हरांड्यातली सगळी रांग वळून बघायला लागली.

फळ्यामागून त्याच पट्टीत उत्तर आलं, "तुमचं तुम्ही मारा! मी कवाच पाटीवर मारून मोकळी झाली!"

* * *

मोजणी ऑफिसातच. सर चिठ्ठी उघडून दाखवायचे, मी फळ्यावर रेघ मारायची. दोघांच्या रेघा बरोबरीनं चालल्या होत्या. अण्णा खिडकीशी उभे, बोलणं बंद. त्यांना गप्प बसलेलं बघून आम्हालाच घाबरायला होत होतं. आक्का दाराबाहेर पायरीवर, हातात कांडीचं सूत, उगाच बोटाला गुंडाळत, सोडत.

एक चिठ्ठी उघडली आणि सर थांबले. शिक्का कुठेच नाही. मागे पेननं लिहिलेलं, "उद्या पोरगं शाळेला येणार न्हाय. निपाणीला लग्न हाय."

अण्णा आणि आक्का दोघंही सरांच्या तोंडाकडे बघायला लागले.

सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि गंभीरपणे निकाल दिला, "मत बाद. रजा मंजूर!"

* * *

सात मतांनी सुवर्णा आक्का निवडून आल्या.

आम्हाला वाटलं, अण्णा आता पोरगीला परत इंग्लिश मीडियमला नेऊन घालणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेत आलेच. तोंड पडलेलं. "नेणार होतो," ते म्हणाले. "पण येत न्हाय म्हणती. झाडाला मिठी मारून बसलीया."

पायरीवर उभ्या असलेल्या आक्कांनी हे ऐकलं. त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही उपाध्यक्ष व्हा."

"मी कशाला? तुमचं तुम्ही बघा की."

"माझा आवाज ऑफिसातनं बाहेर पडत न्हाय. तुमचा बेंगलोरला बिनफोनचा पोचतोय!"

अण्णा तासभर नाही नाही म्हणाले. मग झाले.

* * *

आज आमच्या मुलींच्या संडासला दारं आहेत, वर टाकी आहे, नळाला पाणी आहे. लोक विचारतात, अर्ज केले का? अर्ज तर आम्ही आधीही केले होते. आक्का अध्यक्ष झाल्यावर आणखी केले. अण्णांनी खात्याच्या ऑफिसात जाऊन खिडक्या हलतील एवढ्या आवाजात वाचूनही दाखवले. पण काम झालं ते एका दुपारी.

मार्चचं ऊन होतं. खात्याचे एक साहेब तपासणीला आले. स्वभावानं भले, पण कागदांचे शौकीन. हजेरीपत्रक, दाखले, पोषण आहाराचं रजिस्टर, एकेक करून सगळं मागवत होते. आक्का अध्यक्ष म्हणून शेजारी बसलेल्या. त्यांनी घरनं ताक करून आणलं होतं. आलं, कोथिंबीर, थोडं मीठ.

"ऊन लई हाय साहेब, घ्या."

साहेबांनी घेतलं. फारच छान, म्हणाले. आक्कांनी दुसरा पेला भरला. मग तिसरा. मग कलिंगड आलं. "गोड हाय, एक फोड घ्या." साहेबांनी चार घेतल्या. वर आणखी एक पेला ताक. आम्हाला वाटलं, पाहुणचार असावा तर असा!

दोन तासांनी साहेबांची पानं उलटायची गती वाढली. मग ते खुर्चीत जरा पुढे सरकले. मग मागे. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि देसाई सरांना हळूच विचारलं, "इथं... जायची सोय कुठं?"

तेव्हा आम्ही शिक्षक शेजारच्या घरी जायचो. सर ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आक्का उठल्या. "या साहेब, मी दाखवते."

साहेब त्यांच्या मागून लगबगीनं गेले. मी आणि सर व्हरांड्यातून बघत होतो. साहेब मुलींच्या संडासात शिरले आणि तसेच बाहेर आले.

"दार?"

"न्हाय."

"पाणी?"

"न्हाय."

"मग मुली काय करतात?"

"घरला जाऊन येतात की."

साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. आक्कांनी त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी मायेनं विचारलं, "साहेब, तुमचं घर कुठं?"

"संकेश्वर," साहेब कसेबसे म्हणाले.

"मग निघा की आत्ताच," आक्का म्हणाल्या, "तासाभरात पोचशीला!"