कल्पिताच्या गाडीत कुठलं तेल ओतलं?

कोपर स्टेशनच्या बाजूला बायकांना मोटारसायकल शिकवते ती कल्पिता. स्कूटी नव्हे हां, चांगली गियरची मोटारसायकल! माहेर माजिवड्याचं. लहानपणी भावाची, मयूरची, गाडी गुपचूप ढकलत गल्लीत नेली, गटारात घातली, मार खाल्ला आणि पुन्हा नेली. लग्नानंतर नवऱ्यानं, विनीतनं, हौसेनं सेकंडहँड मोटारसायकल घेऊन दिली. पुढे त्याची हौस फिटली, हिची काही फिटेना. आता दर रविवारी सकाळी पुलापलीकडच्या मैदानात तिचा क्लास भरतो. कुणी नर्स, कुणी पोळीभाजी केंद्रवाली, आणि साठी उलटलेल्या भीमाबाई तर नऊवारीतच गाडीवर टांग टाकतात. "क्लच हळू सोडा गो, कांदा नाय चिरत आपण!" हे कल्पिताचं ओरडणं रस्त्यापर्यंत ऐकू येतं.

तर शनिवारी संध्याकाळी गाडी सर्व्हिसिंग करून आणली, आणि रविवारी क्लासला निघाली तर पुलाच्या चढावर गाडीनं मान टाकली. इंजिन नुसतं बोंबलतंय, चाक काही ओढ घेईना. क्लच घसरत होता. अशा गाडीवर शिकाऊ बाई बसवायची म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. कल्पितानं गाडी वळवली आणि उतारावरून थेट पुलाखालच्या उत्तमशेठच्या गॅरेजात आणून उभी केली. सर्व्हिसिंग त्यानंच केलं होतं ना!

उत्तमशेठनं गाडीला एक चक्कर मारली, हिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि फोन लावला तो विनीतला. "भाऊ, क्लचप्लेटा गेल्यात. इंजिन खोलावं लागेल. त्यापेक्षा काढूनच टाका, माझ्याकडे गिऱ्हाईक आहे." तिकडून विनीत झोपेतच म्हणाला, "बघ बाबा, विकून टाक." झालं! गाडीची मालकीण हेल्मेट हातात धरून उभी, आणि ह्या दोघा पुरुषांनी तिची गाडी फोनवर विकलीसुद्धा! गाडी गेली की क्लास गेला, एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

कल्पिताचं टाळकं सटकलं. तिनं फोन हिसकावून घेतला. "विनीत, तू झोप," म्हणाली आणि कट केला.

"उत्तमशेठ, काल सकाळी हाच पूल ही गाडी भीमाबाईंना मागे बसवून चढली. संध्याकाळी तुमच्याकडून आली. एका रात्रीत प्लेटा गेल्या? रात्री काय एकटीच फिरायला गेलेली?"

"वहिनी, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं. भाऊंना पाठवा."

"भाऊंना गियर कुठला खाली, कुठला वर ते कळत नाही. तेल कुठलं टाकलंत?"

"एक नंबर! सगळ्यात महागातलं." उत्तमशेठनं तोऱ्यात फळीवरचा डबा काढून पुढे केला. डब्यावर स्कूटरचं चित्र! अहो, एवढं मोठं!

"हे स्कूटरचं आहे."

"तेल ते तेलच हो वहिनी."

"तेल तेलच कसं? स्कूटरचा क्लच कोरडा, तेलाबाहेर. मोटारसायकलचा इंजिनच्या तेलातच बुडालेला. त्यात हे निसरडं ओतल्यावर तो धरणार कशाला? तुमच्या डोक्याला?"

शेजारच्या चहाच्या टपरीवरचे लोक कप धरून पुढे सरकले. कल्पितानं स्टूल ओढलं आणि गाडीसमोर ठाण मांडलं. "काढा ते तेल. माझ्यासमोर काढा, आणि मोटारसायकलचं टाका. नाही पूल चढली, तर खुशाल विका. मी चकार शब्द काढणार नाही."

बोलून तर गेली खरी. प्लेटा खरंच जळल्या असल्या तर? पण आता माघार घेतली असती, तर जन्मभर हेल्मेट धरून उभंच राहावं लागलं असतं.

कुरकुर करत उत्तमशेठनं तेल बदललं. कल्पितानं किक मारली, इंजिन थोडं चालू दिलं आणि म्हणाली, "बसा मागे."

"मी?"

"मग काय भाऊंना पाठवू?"

टपरीवर हशा पिकला. आता नाही म्हटलं तर उरलेली अब्रूही जाणार, म्हणून शेठ बसले. चढ लागला. क्लच पुन्हा एकदा घसरला. मेलं, गेलं सगळं! तिनं ॲक्सिलरेटर थोडा कमी केला, पुन्हा हळूच पिळला. क्लचनं पकड घेतली. मग जी गाडी सुटली, ती उत्तमशेठच्या ढेरीसकट पुलाच्या माथ्यावर!

"चढली बाबा, चढली. वळवा आता," मागून आवाज आला.

कल्पितानं गाडी कडेला घेतली. "उतरा. बायका ताटकळल्यात माझ्या."

"अहो, गिऱ्हाईक यायचंय! मी भाऊंना काय सांगू?"

"सांगा, गाडीच्या मालकिणीशी बोलणं झालं. ती नाही म्हणाली."

तिनं गियर टाकला. उत्तमशेठ पायीच पूल उतरले.