दीड तासाची घंटा

हजेरीपटावर त्यांचं काहीतरी नाव असेलही, पण संस्थेत झाडूवालीपासून प्रमुख बाईंपर्यंत सगळ्यांसाठी ते पडदेकाका होते. फिरत्या नाटक कंपनीत सव्वीस वर्षं त्यांनी पडदा ओढला होता. राजे मेले, ताटातूट झालेली जोडपी भेटली, खुनी पकडले गेले, आणि दर वेळी दोराच्या टोकाला हाच किडकिडीत माणूस उभा होता. पुढे कंपनी मोडली, नटमंडळी चार दिशांना पांगली, आणि काका कुणाच्या तरी ओळखीनं या संस्थेत चिकटले.

इथे युद्धांचा अभ्यास चाले. नोकरीच्या पहिल्या दिवशी बायकोनं विचारलं तेव्हा काकांनी छाती फुगवून सांगितलं, "माणसं बंदुका का उचलतात आणि कशानं खाली ठेवतात, ते शोधतात तिथं."

"अगंबाई! आणि त्यात तुम्ही काय करणार?"

"घंटा वाजवणार."

"मग थांबल्याच म्हणायच्या लढाया!" काकू म्हणाल्या. काकूही त्याच कंपनीतल्या, कपडेपट सांभाळायच्या. त्यांच्या जिभेला सुईपेक्षा बारीक टोक होतं.

पण घंटेचं काम खरंच होतं. दुसऱ्या मजल्यावर एक खोली होती. मधोमध लांब टेबल, दोन्ही बाजूंना चार-चार खुर्च्या, आणि एक अख्खी भिंत काचेची: आतून पाहिलं तर आरसा, पलीकडून पाहिलं तर खिडकी. निवृत्त शिक्षक, परिचारिका, बस कंडक्टर अशी आठ माणसं बोलवायची. प्रत्येकाच्या हाती एक कागद द्यायचा: तू सरकारचा मंत्री, तू बंडखोरांचा म्होरक्या, इतके कैदी तुझे, इतकी मेलेली माणसं तुझी. मग त्यांना लुटुपुटीचा तह करायला बसवायचं. काचेपलीकडे बाई आणि त्यांची मंडळी वह्या घेऊन बसत. दाराच्या आत, कोपऱ्यातल्या स्टुलावर काका, मांडीवर पितळी घंटा. दीड तास झाला की त्यांनी ती वाजवायची, पंधरा मिनिटं सुट्टी, मग पुन्हा बोलणी. काही बैठका मुद्दाम घंटेशिवाय घ्यायच्या, म्हणजे फरक कळतो.

फरक कळला. घंटा असली की दहांतले सात तह जमत, नसली की जेमतेम तीन. अकरा वर्षांच्या या खटाटोपातून बाईंनी 'दीड तासाचा नियम' मांडला, त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि लांबलांबची माणसं त्या नियमाबद्दल ऐकायला येऊ लागली. बाईंच्या भाषणात काका मागच्या रांगेत बसत आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले की आपणही वाजवत.

मग एक दिवस खरं बोलावणं आलं. चौदा वर्षं एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या दोन डोंगरी टोळ्या याच खोलीत, याच टेबलाशी बसायला तयार झाल्या. येत्या सोमवारी. आणि त्या आधीच्या मंगळवारी वायरमन शिडी घेऊन आला.

"काय बसवताय?" काकांनी विचारलं.

"विजेची घंटा. घड्याळाला जोडलेली. नव्वद मिनिटं झाली की आपोआप वाजणार, सेकंदाचाही फरक नाही." वायरमननं तोंडातला स्क्रू काढून हसत सांगितलं, "आता तुम्हाला आराम, काका."

काका जेवायला म्हणून घरी गेले आणि ताटाकडे बघत बसले.

"अहो, काय झालं? जेवणात काही पडलं का?"

"घंटा दीड तासानं वाजायचीच नाही," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मी वाजवायचो तेव्हा वाजायची. पहिल्याच वर्षी दोघं असे हमरीतुमरीवर आले की माझा हात आपोआप गेला. मग तीच सवय लागली. कधी पाऊण तासात, कधी दोन तासांनी."

"आणि कागदावर?"

"कागदावर दीड तास छापलेलंच असायचं. मी फक्त खाली सही करायचो. काचेपलीकडे सगळे वहीत मान घालून बोलणं टिपायचे, घड्याळाकडे कोण बघतंय?"

"वा! सगळे असंच म्हणतात." काकूंनी ताट त्यांच्या आणखी पुढ्यात सरकवलं. "आणि आता ती खरीखुरी माणसं बसणार घड्याळावर विसंबून?"

काका भातात बोट फिरवत राहिले. घड्याळ चुकीच्या क्षणी वाजलं, किंवा नेमक्या क्षणी गप्प राहिलं, तर टेबलावरून उठलेली माणसं लुटुपुटीची नसणार. ती डोंगरात परत जाणार. आणि हे सांगायचं, तर बाईंची अकरा वर्षं पाण्यात.

"आधी जेवा," काकू म्हणाल्या. "उपाशीपोटी कबुली दिली की माणूस रडतो."

बाईंच्या खोलीत आकडेवाले सर बसलेले होते. संस्थेतली सगळी बेरीज-वजाबाकी त्यांच्याकडे. काकांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सरांच्या हातातलं बिस्कीट चहात विरघळून बुडालं.

"काका, तुम्ही काय केलंत याची कल्पना आहे का तुम्हाला?"

"नाही ना, सर. म्हणून तर सांगायला आलो."

बाई एवढंच म्हणाल्या, "फिती काढा."

प्रत्येक बैठकीची चित्रफीत निघायची; त्या सगळ्या फिती कपाटात होत्या. त्यांतलं बोलणं उतरवून घेतलं होतं, पण मिनिटं कुणी मोजली नव्हती. कागदावर छापलेली होती ना! तीन दिवस सर कपाटासमोर बसून होते. शुक्रवारी दुपारी दाढीचे खुंट वाढलेले, डोळे लाल, असे बाहेर आले.

"घंटेच्या दोनशे बारा बैठका. बरोबर दीड तासानं वाजलेल्या फक्त एकोणीस. आणि त्या एकोणिसांत तह किती, तर सहा. म्हणजे घंटा नसल्यासारखंच! या एकोणीस आहेत तरी कुठल्या?"

काकांनी तारखा पाहिल्या. "माझी पाठ धरली होती तेव्हाच्या. माझ्या जागी लिपिक बसायचे. ते घड्याळाचे पक्के."

बाई उठून खिडकीशी गेल्या. खाली कुणीतरी सायकल उभी करत होतं. ती पडली, त्यानं उचलली, ती पुन्हा पडली.

"पुस्तक मागे घ्यावं लागेल," बाई म्हणाल्या. मग त्या वळल्या आणि काकांसमोर खुर्ची ओढून बसल्या. "काका, तुम्हाला कळायचं कसं? कधी वाजवायची ते?"

"मला सांगता नाही यायचं, बाई. दाखवता येईल."

सरांनी एक फीत लावली. पडद्यावर आठ माणसं हातवारे करत होती. काकांनी आवाज बंद करायला लावला आणि टक लावून बघत बसले. "अजून नाही... अजून नाही... आता!"

"का? आत्ता काय झालं?"

"याची मान बघा. आत्तापर्यंत समोरच्याशी भांडत होता. आता काचेकडे वळला. पलीकडे तुम्ही बसलायत हे त्याला ठाऊक आहे. आमच्याकडे एक मोठे नट होते. समोरच्याला सोडून थेट माडीवरच्या प्रेक्षकांशी बोलायला लागले की प्रवेश मेलाच म्हणून समजा. टाळ्या पडतात, पण एकदा टाळी घेतली की माणसाला मागे येता येत नाही. तिथं पडदा पाडायचा. सुट्टीत पाणी प्यायला गेला की पुन्हा साधा माणूस होतो."

सरांनी दुसरी फीत लावली, तिसरी, आठवी. दर वेळी मान वळायची आणि मागोमाग घंटा.

बाई फितीत दिसणाऱ्या काचेकडे बघत होत्या. "सर, सोमवारी पलीकडे कोण कोण बसणार आहे?"

"दोन्हीकडचे वडीलधारे, निरीक्षक, वर्तमानपत्रवाले... बावीस खुर्च्या मांडल्यात."

"बावीस?" काकांच्या तोंडून निघून गेलं. "मग घंटा बडवून हात मोडेल की माझा!"

सर हसले, आणि पाठोपाठ बाईही हसल्या.

"खुर्च्या उचला," त्या म्हणाल्या. "आणि ती विजेची घंटा काढून टाका."

दोन्ही टोळ्यांना बाईंनी स्वतः फोन केला. आपला नियम चुकीचा निघाला, हे आधी सांगितलं. बावीस जणांना परत पाठवायचंय, हे नंतर. एकाकडचा म्होरक्या खो खो हसला. "बाई, चौदा वर्षांत 'चुकलं' म्हणणारी तुम्ही पहिली. येतो आम्ही."

काच झाकायला पडदा हवा होता. काकूंच्या ट्रंकेत कंपनीच्या पडद्याचा तुकडा होता, किरमिजी मखमलीचा. इतकी वर्षं गादीवर घालायच्या. शनिवार-रविवार बसून त्यांनी त्याला अस्तर लावलं, कड्या शिवल्या.

"नट प्रेक्षकांत डोकावायचे ती भोकं होती ना गं याला?"

"बुजवली. बघायचंच असेल कुणाला, तर आधी माझ्याशी गाठ आहे म्हणावं."

सोमवारी दहा वाजता आठ माणसं समोरासमोर बसली. कुणी कुणाला नमस्कार केला नाही. काकांनी दोर हातात घेतला. वर्षं लोटली होती, पण हात विसरले नव्हते: आधी सैल, मग एका लयीत, शेवटी किंचित थांबून. पडदा काचेवर मिटला. आत एकही प्रेक्षक नको, म्हणून काकाही बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि स्टुलावर बसले. शेजारी दुसरं स्टूल होतं. त्यावर बाई, वही मिटून.

पहिला तास आतून जेमतेम कुजबुज येत होती. मग आवाज चढले. बाईंनी काकांकडे पाहिलं. काका कान देऊन बसले होते. आत खुर्ची करकरली, टेबलावर मूठ आदळली, आणि कुणीतरी ओरडलं.

बाई अर्धवट उठल्या. "काका, वाजवा!"

काकांनी घंटेची जीभ मुठीत घट्ट धरली. इथून मान दिसत नव्हती. होता तो फक्त आवाज.

"तुझ्या भावाला मी ओळखत होतो!" आतला माणूस ओरडत होता. "तू ऐकतोयस का? तुझ्या भावाला!"

"थांबा, बाई," काका हळूच म्हणाले. "समोरच्याशीच बोलतोय."

मग आत शांत झालं. बऱ्याच वेळानं दुसरा आवाज आला, खालच्या पट्टीत, तुटक. काय म्हणाला ते कळलं नाही, पण पहिला मधे बोलला नाही. काकांनी मूठ सोडली. घंटेच्या जिभेचा वळ तळहातावर उमटला होता.

दार उघडलं तेव्हा सव्वा वाजला होता. दारात उभा होता तो मघाचा ओरडणारा असावा. डोळे सुजलेले होते.

"पाणी मिळेल का?" त्यानं विचारलं. मग मागे वळून पाहिलं आणि म्हणाला, "दोन ग्लास."

बाईंनी स्वतःच आणून दिले. तो ग्लास घेऊन आत वळला आणि दारात थांबला.

"उद्या किती वाजता उघडता?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा," काका म्हणाले.

"नऊला या मग. आमचं आजचं काही संपत नाही."

त्यानं कोपरानं दार लोटलं. काकांनी घंटा स्टुलाखाली ठेवली आणि पाठीला हात लावून, हळूच, पाय लांब केले.