भिंतीवरचा माझा जीवनप्रवास

मी जिवंत आहे, हे माझ्या सख्ख्या बहिणीला पटवायला मला पाऊण तास लागला. त्यात चूक तिची नव्हती. चूक आमच्या घराच्या भिंतीची होती, आणि ती भिंत रंगवायची कल्पना माझी.

एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झालो आणि सेनगावजवळच्या गोरेगावात घर बांधलं. विहिरी खोदणाऱ्या मजुराचा पोरगा स्लॅबच्या घरात राहायला आला, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळलं पाहिजे असं मला फार वाटायचं. (बायकोच्या मते ते सगळ्यांना आधीच कळलेलं होतं, कारण मी दिसेल त्याला धरून सांगत होतो.) म्हणून ठरवलं, रस्त्याकडच्या भिंतीवर आपलं आयुष्य प्रतीकांतून मांडायचं. वडिलांसाठी टिकाव. धम्माचं म्हणून पिंपळाचं पान. माझ्या शिक्षणाचं उघडं पुस्तक, त्यातून उडणारा पक्षी. आणि शेवटी, एका गोलात, माझा शांत चेहरा.

काम खलीलभाई पेंटरला दिलं. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सर, पंछी उडून चालला कुठं?" मी त्यांना मुक्तीचा अर्थ वीस मिनिटं समजावला. त्यांनी मान हलवली आणि ब्रश भिजवला.

चित्र सुरेख उतरलं. चेहऱ्याभोवती मोकळं मोकळं दिसतंय म्हणून खलीलभाईंनी आपल्या मनानं झेंडूचा हार काढला. वर ठळक अक्षरांत 'जीवनप्रवास' मीच लिहून घेतलं. खाली माझं नाव, जन्माचं साल आणि त्यापुढं एक आडवी रेघ. रेघ कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "नंतर लिहायला जागा पायजे ना सर." मला त्यात कलावंताची दूरदृष्टी दिसली!

दुसऱ्या दिवशी सकाळी सेनगावला निघालेली जीप घरासमोर थांबली. आतल्या एकानं भिंतीचा फोटो काढला. मी खिडकीतून ते पाहून सुखावलो आणि आंघोळीला गेलो. आंघोळ होईपर्यंत तो फोटो निम्म्या जिल्ह्याच्या मोबाइलवर पोचला होता.

पहिले आले आमच्या शाळेतले कांबळे सर, पांढऱ्या कपड्यांत. दार मीच उघडलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं, मग पुन्हा माझ्याकडं. "जयभीम सर," ते चाचरत म्हणाले, "म्हंजे आज तुमची मयत न्हाई का?" नाही म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं असावं, पण खिशातला कागद काय करावा ते कळेना. मी तो मागून घेतला. श्रद्धांजलीचं भाषण होतं. 'सर फार बोलायचे, पण मनानं चांगले होते.' त्या 'पण'वर मी बराच वेळ अडकून राहिलो.

दुपारपर्यंत अंगणात पंचवीस-तीस माणसं झाली. खुद्द खलीलभाईसुद्धा डोक्यावर टोपी घालून मातीला आले होते. आलेल्या माणसांना तसंच कसं परत पाठवायचं म्हणून बायकोनं चहा टाकला आणि कप वाटायचं काम माझ्याकडं दिलं. मयताच्या हातचा चहा घेताना काहींची नजर वर होईना.

तेवढ्यात वारंगा फाट्याहून माझी थोरली बहीण आली. हिला आम्ही अक्का म्हणतो. रस्त्यापासूनच तिनं हंबरडा फोडला. मी ट्रे घेऊन सामोरा गेलो तर तिनं मला बाजूला सारलं आणि माझं प्रेत शोधत घरात शिरली. तिला पाणी पाजलं, माझा हात हातात दिला, लहानपणीचा गुडघ्यावरचा व्रण दाखवला, तेव्हा कुठं तिचा विश्वास बसला. मग तिनं मला पोटाशी धरलं. मग दोन रट्टे दिले. मग ती बाहेर जाऊन भिंतीसमोर उभी राहिली.

"बाबाचा टिकाव काढला," ती म्हणाली. "माय कुठाय?"

माय त्या पिंपळपानात प्रतीकरूपानं आहे, असं मी सांगितलं.

"डोक्यावर माती वाहून वाहून तिच्या टाळूचे केस गेले, बाळू. अन् तू तिचं पान केलं?"

वीस मिनिटं मुक्ती समजावणारा मी रिकामे कप गोळा करू लागलो. माझी बायको अक्काशेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं हळूच विचारलं, तेव्हा हे काय करत होते?

"हा? लिंबाखाली झोळीत. दिवसभर रडून राहायचा. झोळी मीच हलवायची."

भिंत पुन्हा रंगवायचं ठरलं आणि अक्का पाच दिवस राहिली. खलीलभाईंच्या शेजारी बाज टाकून बसायची आणि सांगायची: मायचं लुगडं कसं खोचलेलं असायचं, टोपली कुठल्या हातानं धरायची, विहिरीतून बाबा कसे हाक द्यायचे. पक्षी गेला, पुस्तक गेलं, हारासकट माझा चेहरा चुन्याखाली गेला. पिंपळपान तेवढं अक्कानं ठेवायला लावलं, पण ते पान म्हणूनच. शेवटच्या दिवशी तिनं रंग ओला असतानाच मायच्या पावलांना हात लावला. बोटं उमटली. मी पुसायला फडकं आणलं तर खलीलभाईंनी माझा हात धरला. "राहू द्या सर. हेच खरं काम झालं."

आता रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून ते चित्र पाहतात आणि माझी बायको त्यांना विहिरीची हकिकत सांगते. मी डाव्या कोपऱ्यात आहे. लिंबाला टांगलेली झोळी आणि तिच्यातून बाहेर आलेलं एक उघडं तोंड. नाक नाही, डोळे नाहीत. नाव लिहू नका, हे मीच बजावलं होतं.

परवा कांबळे सर पाहायला आले. सगळी भिंत निरखून झाल्यावर झोळीपाशी थांबले आणि म्हणाले, "सर, नाव नसलं तरी तुमी लगेच ओळखू येता."