चार्टच्या मागचे आकडे

"त्र्याहत्तर!" मी ओरडलो आणि युनिटमध्ये टाळ्या पडल्या. टाळ्या कसल्या, डायलिसिस चालू असताना पेशंटचा एक हात मशीनला जोडलेला असतो. सगळ्यांनी मोकळ्या हाताने कॉटवर थापा मारल्या. काट्यावर मंदाताई उभ्या होत्या. त्या पेशंट नव्हत्या. पेशंट त्यांचे मालक, नामदेवराव. ते डोळे मिटून पडले होते.

मी नगरच्या एका खासगी हॉस्पिटलात सोळा वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे. किडनी बंद पडलेल्या माणसाचं रक्त मशीनमधून साफ करून परत द्यायचं, हे आमचं काम. हे जोडपं पाथर्डीकडचं, आठवड्यातून तीनदा पहाटेची एसटी धरून यायचं. मंदाताई नवऱ्याला किडनी द्यायला तयार होत्या. रक्तगटही जुळला होता. पण ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन सत्तरच्या आत आणा, मग पुढच्या तपासण्या. तेव्हा बाई एक्याऐंशी किलो होत्या.

मग मीच त्यांना आमच्या काट्यावर उभं करायला लागलो. आकडे नामदेवरावांच्या चार्टच्या मागच्या बाजूला लिहायचो. दीड वर्षात वजन तीनदा उतरलं आणि तीनदा परत चढलं. तिसऱ्यांदा काट्यावर ऐंशी दिसले तेव्हा माझं टाळकं सटकलं.

"ताई, नवऱ्याचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला दोन घास कमी खाता येईनात?"

नामदेवराव शेजारच्याच कॉटवर होते. माझा आवाज खाली यायला हवा होता, आला नाही.

मंदाताईंनी पदराने तोंड पुसलं. "परत करते सुरू, सर. चालते की रोज येशीपस्तोर." आणि पुढच्या खेपेला मी सांगायच्या आत चपला काढून काट्यावर उभ्या. "लिवा." या बाबतीत बाई माझ्यापेक्षा चिवट. मी दुसऱ्याच वेळी नाद सोडला असता.

त्यानंतर मात्र वजन उतरतच गेलं. दोन महिन्यांत सात किलो. मी खूश. माझ्या बोलण्याने काम केलं, असंही एक-दोघांना सांगून झालं.

टाळ्यांनंतरच्या सोमवारी नामदेवरावांना आडवं होता येईना. श्वास लागला होता. डॉक्टरांनी छाती तपासली आणि माझ्याकडे वळले.

"फुप्फुसात पाणी भरलंय. ड्राय वेट किती धरलंय?"

"चौपन्न, सर."

"कधीपासून?"

"बरेच महिने झाले."

"दंड बघ त्यांचे. हा माणूस तुला चौपन्न किलोचा दिसतो?"

ड्राय वेट म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन. या पेशंटला लघवी जवळजवळ होत नाही. प्यायलेलं पाणी अंगात साठतं. मशीनने ते काढायचं, काटा ठरलेल्या आकड्यावर आला की थांबायचं. पण माणूस झिजला आणि आकडा तोच ठेवला, तर मांसाची जागा पाणी घेतं. काटा चौपन्नच दाखवतो. मी काटा बघत होतो, माणूस नाही.

त्यांना आयसीयूत नेलं. बाहेरच्या बाकावर मी मंदाताईंना विचारलं, "हे जेवत नव्हते का?"

"दोन महिने झाले, ताट सारून देत्यात."

"अहो, मग मला का नाही सांगितलं?"

"तुमी वजन इचारलं सर. जेवान कुटं इचारलं?"

मग त्या आपणहून बोलल्या. "ह्यांना एकट्याला घास जात न्हाई. मी संगं बसले तरच खात्यात. म्हनून बसायची. तुमी त्या दिवशी बोलले, तवापासून हे म्हनाय लागले, तू नको बसू माझ्यासंगं, माझ्यापायी जाड व्हतीस. हे उपाशी, मग मला तरी कसं जाईल?"

मी युनिटमध्ये जाऊन चार्ट काढला. मागच्या बाजूच्या आकड्यांत वर्षभरापूर्वी मंदाताई चार किलो चढल्या होत्या. कागद उलटला. त्याच महिन्यात नामदेवराव चांगलं जेवू लागले म्हणून डॉक्टरांनी त्यांचं ड्राय वेट बावन्नवरून चौपन्न केलं होतं. दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात. लाज वाटली, दुसरं काय.

नऊ दिवसांनी नामदेवराव बाहेर आले. पाणी निघाल्यावर खरं वजन अठ्ठेचाळीस. मंदाताई तोवर एकाहत्तरवर आल्या होत्या. एका किलोने राहिलं होतं.

ट्रान्सप्लांटचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन झेपणार नाही यांना. आधी यांचं वजन वाढू द्या. तारीख आत्ता नाही सांगता येणार."

मंदाताईंनी विचारलं, "म्हंजी मी परत संगं जेवाया बसायचं?"

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं.

"बसते," त्याच म्हणाल्या. "आदी हे खाऊ देत. माझं मी परत उतरवीन."

आता डायलिसिसच्या दिवशी नामदेवरावांसमोर डबा उघडून मी बसतो. तेवढंच एक जेवण मंदाताईंच्या वाट्याचं कमी. बाकीच्या जेवणांना घरी त्यांनाच बसावं लागतं.

धडा घ्यायचाच तर एवढा, की वजन विचारायच्या आधी मी आता जेवण विचारतो. टाळ्या बंद केल्यात.

परवा नामदेवराव एकोणपन्नास झाले. मंदाताईंनी चपला काढल्या, काट्यावर चढल्या. शहात्तर. पुन्हा पाच किलो वर.

"लिवा, सर," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं. या वेळी चार्टच्या पुढच्या बाजूला, नामदेवरावांच्या आकड्याशेजारी.